पिळलेला दुधी

खालापूर, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय फुफू, सलाम.

हे पत्र दशरथदादाच्या भाजीच्या टेंपोतून पाठवतेय. सकाळी कशेळ्याहून येताना तो भिसेगावात तुझ्या दारावरूनच येतो, इथे नाक्यावर बायकोला, भागीवहिनीला, टोपल्यांसकट उतरवतो आणि संध्याकाळी त्याच वाटेने परत जातो. आपलं पोस्ट ऑफिस दारात आलं म्हणायचं. तुझं कानाचं मशीन शिट्ट्या मारतं म्हणून तू ते पेटीत टाकून दिलंस, हे त्याच्याकडून कळलं. खरं सांगू, तुझ्याशी फोनवर बोलता येत नाही तेच बरं. या घरात फोनवर काही बोलायची सोयच नाही. मोतीबिंदूने डोळे गेल्यापासून माझ्या सासऱ्यांची सगळी नजर कानात गेली आहे. मी कपाटाचं दार उघडलं की अब्बा बाहेरच्या खोलीतून विचारतात, कुठे निघालीस? कागदाचा मात्र आवाज होत नाही.

आता कामाचं. तौकीरने मस्कतला खोली घेतली आणि माझा व्हिसा आला. फेब्रुवारी संपायच्या आत मला तिकडे पोचलं पाहिजे, नाहीतर सगळं पहिल्यापासून. लग्न होऊन दोन वर्षं झाली, त्यात नवरा माझ्या वाट्याला किती आला ते तुला माहीत आहे. पण अब्बांना दिसत नाही तोवर त्यांना एकटं टाकून जाणार कशी? तौकीर तेच म्हणतो, माझी नणंद कशिश तेच म्हणते. डोळ्याचं ऑपरेशन झालं की ते आपलं आपण बघतील, मग तू मोकळी. आणि डॉक्टर म्हणतात, साखर खाली आल्याशिवाय डोळ्याला हात लावणार नाही. म्हणजे माझं मस्कत अब्बांच्या साखरेत अडकलंय.

भात बंद, मैदा बंद. अब्बा सगळं सोडायला तयार आहेत, पास्ता सोडून. हायवेला त्यांचा गाळा होता ना, वडापाव-ऑम्लेटचा, तिथे सहलीची पोरं मागायला लागली म्हणून त्यांनी पांढऱ्या सॉसचा पास्ता शिकून घेतला, आणि पोरांपेक्षा त्यांनाच चटक लागली. तो मिळाला नाही की जेवणावरून उठतात. मग फरसाणाचा डबा शोधत फिरतात. तू कळंबच्या बंगल्यावर इतकी वर्षं स्वयंपाक केलास, तिथली मॅडम पास्त्याशिवायचा पास्ता खायची असं सांगायचीस. तो मला लिहून पाठव. लवकर.

तुझी अनम


भिसेगाव, १३ नोव्हेंबर

अनम बेटा, तुला खूप दुवा.

भाचीचं पत्र वाचलं न् हसू आलं. आपल्या माणसांनी भात सोडला न् धरलं काय, तर पास्ता. असूदे. तुझ्या सासऱ्याच्या गाळ्यावर मी एकदा ऑम्लेट खाल्लंय. इकडं गिऱ्हाइकाशी गप्पा न् तिकडं न बघता कांदा चिरत होता तो माणूस. तवा हाय का विळी हाय, त्याचं त्याला ठावं नसायचं, पण हात चुकत नव्हता.

आता ऐक. दुधी कोवळा घे. नख रुतलं पायजे. साल काढ न् त्याच सालकाढणीनं लांब लांब पट्ट्या ओढ. बियांचा गाभा लागला की थांब, तो आमटीत टाक. पट्ट्यांना मीठ चोळ, चाळणीत ठेव न् दुसरं काम कर. मग फडक्यात बांधून पीळ. पीळ म्हंजे पीळ. ओल्या चादरी पिळतो तसा. दुधी म्हंजे सगळं पाणीच, तू काढलं नायस तर तो मागनं काढील न् भांड्यात तळं होईल. बंगल्यावर पहिल्यांदा केला तवा मॅडम म्हनली, मुनिरा, हे सूप हाय का?

सॉसला मैदा नको. फ्लॉवर दुधात शिजव, घोटून घे, त्यात पनीर चुर. त्यानं दाटपणा येतो न् जिभेला कळत नाय. वांग्याच्या चकत्या तव्यावर कोरड्या भाज. टोमॅटो न् लसूण आटव. मग थर लाव: दुधी, टोमॅटो, वांगं, पांढरं, परत दुधी. वर चीज नखभर. ओव्हन नसला तर जाड बुडाचं पातेलं घे, खाली मंद आच, झाकणावर निखारे, आपण नानखटाई करतो तसं. वरनं डाग पडले की उतरव.

नाव सोनूबाई हाती कथलाचा वाळा, तसला पास्ता हाय हा. पण पोट भरतं न् रक्तात गोड चढत नाय.

तू सोता काय जेवतेस ते लिवलं नायस. मस्कतला जायचं तर अंगात रगत पायजे.

तुझी फुफू मुनिरा


खालापूर, २८ नोव्हेंबर

प्रिय फुफू,

झाला! पहिल्या दिवशी हात दुखेपर्यंत पिळला. अब्बांनी पहिला घास घेतला आणि जिभेवर घोळवून बघितला. मग विचारलं, हा कुठल्या कंपनीचा पास्ता? मी म्हटलं, भागीवहिनीच्या परसातला. दुधी आहे म्हटल्यावर ताट सरकवतील असं वाटलं होतं, पण त्यांनी परत वाढून घेतलं. तेव्हापासून रोज तेच. मी पट्ट्या ओढायला बसले की त्यांना आवाजावरून कळतं, बाहेरून सांगतात, जाड कापतेयस, हलक्या हाताने ओढ. आत मात्र येत नाहीत. गाळ्यावर आयुष्यभर रांधलं, घरच्या स्वयंपाकघरात पाय ठेवला नाही. सासूबाई असताना नाही, त्या गेल्यावरही नाही.

घरच्या मशीनवर रोज सकाळी मी त्यांचं बोट टोचते. साखर अशी उतरली की मी मनात सामान भरायला घेतलं. परवा दवाखान्यात तपासणी होती. सकाळी उपाशीपोटी निघालो. नाक्यावर अब्बा म्हणाले, जुन्या गाळ्यातल्या लोकांना सलाम करून येतो, तू रिक्षा धर. ते येईपर्यंत मी फाईल मांडीवर घेऊन बसले होते. दवाखान्यात रक्त काढलं, आणि फुफू, साखर आभाळाला टेकलेली. डॉक्टर माझ्याकडे असं बघायला लागले, जणू मीच अब्बांना जिलबी भरवून आणलंय. एका महिन्याने या म्हणाले.

कशिशने फोनवर विचारलं, वहिनी, चव यावी म्हणून गुपचूप मैदा घालतेस का? मी नाही म्हटलं. अब्बा पलीकडे बसून ऐकत होते, तेही काही बोलले नाहीत. माझंच काहीतरी चुकतंय. काय चुकतंय ते सांग.

अनम


भिसेगाव, ३ डिसेंबर

अनम बेटा,

चुकतंय म्हंजे चुकतंयच. टोमॅटो आटवतेस का बाटलीतला सॉस ओततेस? खरं सांग. त्या बाटलीत टोमॅटो कमी न् साखर जास्ती असते, बंगल्यावरची मॅडम तिला हात लावू द्यायची नाय. सॉस दाट व्हावा म्हणून कॉर्नफ्लॉवर घालतेस का? ते मैद्याचं सख्खं भावंड हाय. गाजर, मका, वाटाणा घालू नको, गोड हायत. दूध फ्लॉवर बुडेल एवढंच. कांदा मूठभरच.

न् म्हाताऱ्यावर नजर ठेव. शेजारी कोण शिरा देतं का, मशिदीत कोण खजूर वाटतं का. डोळं गेलं की माणसाची जीभ लांब होते.

मी इकडं बरी हाय. गल्लीतली पोरं येतात न् ओरडून बोलतात, मला वाटतं भांडायला आलीत. तुझं पत्र आलं की दुपार चांगली जाते. भात खातेस ना गं?

फुफू


खालापूर, २२ डिसेंबर

प्रिय फुफू,

बाटलीचा सॉस घालत होते, चमचाभर. बंद केला. कॉर्नफ्लॉवरही बंद केलं. आता टोमॅटो मीच आटवते, वर मिरी आणि लसूण, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा कितीतरी चांगला होतो. इतका चांगला की तीच पंचाईत झाली. अब्बा येईल त्याला सांगतात, अनमच्या हातचं खाऊन बघा. गेल्या रविवारी कशिश आली होती, तिने दोनदा घेतला आणि ताट चाटून म्हणाली, वहिनी, तू गेल्यावर अब्बांना हे कोण करून देणार? सहज म्हणाली. नंतर तिच्या मनातही राहिलं नसेल. मी मात्र भांडी घासताना तेच घोकत होते. दुधी नीट जमला नाही तर साखर उतरणार नाही आणि मी इथे. नीट जमला तर माझ्यावाचून चालणार नाही आणि मी इथेच.

दुसरी तपासणी काल झाली. तेच झालं. घरी उतरलेली साखर दवाखान्यात चढलेली. डॉक्टर म्हणाले घरचं मशीन बिघडलं असेल. मी माझं बोट टोचून बघितलं, मशीन ठीक आहे. आता जानेवारीतली शेवटची संधी. त्यानंतर डॉक्टर परगावी जाणार, आणि मग फेब्रुवारी संपतो. तौकीर म्हणतो, थोडं थांब, अब्बांचं होऊ दे, व्हिसा काय परत काढता येईल. त्याच्या आवाजात कंटाळा होता, आणि तो कुणाचा होता ते मला कळलं नाही.

हे घर वाईट नाही, फुफू. वाईट असतं तर बरं झालं असतं. कोणी मारत नाही, कोणी कुलूप लावत नाही, सासरा बेटी म्हणून हाक मारतो. ओरडायचं तर कुणाच्या नावाने? सकाळी दार उघडते, समोर रस्ता असतो, आणि मी दूध घेऊन परत आत येते.

तू दर पत्रात भाताचं विचारतेस आणि मी टाळते. सांगून टाकते. मी भात शिजवतच नाही. पहिल्या आठवड्यात माझ्यापुरता लावला होता, तर शिजायचा वास आला आणि अब्बा भिंतीला धरून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आले आणि नुसते उभे राहिले. मला बघवलं नाही. तेव्हापासून तेही दुधी, मीही दुधी. कपडे सैल झालेत. त्यांना दिसत नाही.

अनम


भिसेगाव, २९ डिसेंबर

अनम,

भाताचं वाचून माझा घास उतरला नाय. मी तुला पेज भरवून वाढवली ती दुधी खायला का? नाक्यावर भागीपाशी जाऊन तिच्या डब्यातलं खा. उद्याच्याला जा. ती नाय म्हननार नाय.

तुझं पत्र मी परत परत वाचलं. दोष पास्त्यात नाय. आपण दोघी येड्यासारख्या पातेल्यात तोंड घालून बसलोय. घरात उतरते न् दवाखान्यात चढते, मंग चूक घर न् दवाखान्याच्या मधी कुठंतरी हाय. त्या दिवशी सकाळपासून काय काय झालं ते आठव. म्हातारा किती वेळ तुझ्या नजरेआड होता? भागीला विचार. ती नाक्यावर बसते न् तिला घारीचे डोळे हायत. विचारल्याशिवाय ती बोलायची नाय, तिची तशी चाल हाय.

फुफू


खालापूर, ८ जानेवारी २०२६

प्रिय फुफू,

नाक्यावर भागीवहिनीकडे गेले. तिने आधी डब्यातला भात वाढला, वालाच्या आमटीबरोबर. मला रडू आलं, तर ती म्हणाली, मिरची जास्त झाली का? मग मी विचारलं. तिला वाटत होतं मला माहीत आहे.

अब्बा जुन्या गाळ्याशेजारच्या रसवंतीत जातात. दोन्ही तपासण्यांच्या सकाळी गेले. एरवी कधी नाही. बिनबर्फाचा उसाचा रस, मोठे दोन ग्लास. भागीवहिनी म्हणाली, तुझा सासरा रस पितो का काढा पितो, समजत नाय. नाक धरून पितो, तोंड वाकडं करतो, मग रुमालानं मिशी पुसतो न् तुझ्या रिक्षाकडं येतो. तिने ते तोंड करून दाखवलं. फुफू, त्यांना गोड आवडतच नाही. चहासुद्धा ते पूर्वीपासून बिनसाखरेचा पितात, हे मला लग्नानंतर पहिल्याच सकाळी सांगितलं होतं. मी विसरले होते.

म्हणजे जिभेसाठी नाही. मी जाऊ नये म्हणून.

घरी आले आणि दुधी चिरला. मीठ लावलं नाही, पिळला नाही, तसाच थरावर थर रचला आणि ठेवला. पातेलं उघडलं तर तू म्हणतेस तसं तळं. ते तसंच वाढलं. अब्बांनी घास घेतला आणि त्यांना सगळं कळलं, मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. पाण्यासकट सगळं संपवलं आणि ताट स्वतः उचलून मोरीत ठेवायला गेले, तर दाराला धडकले.

मला त्यांचा फार राग आलाय. आणि ते धडकले तेव्हा मी धावले, त्याचाही राग आलाय. कशिशला सांगू? तौकीरला सांगू? सांगितलं तर ते म्हणतील, बघ किती माया करतात तुझ्यावर. तेच म्हणतील. मी काय करू ते तू सांग.

अनम


भिसेगाव, १२ जानेवारी

अनम बेटा,

काखेत कळसा न् गावाला वळसा. नाक्यावर रस पितोय म्हातारा न् मी इथं बसून तुझं कॉर्नफ्लॉवर काढतेय.

मला त्याचा राग आला. मंग दुपारी एकटी बसले न् तो थोडा कळलाबी. खोटं कशाला बोलू? तू मस्कतला गेलीस की दशरथच्या टेंपोतून माझ्याकडं नुसती भाजी येईल. तुझा फोन येईल न् मला ऐकायला येणार नाय. मलाबी वाटतं तू राहावीस. पण मी रस पिणार नाय. आपल्याला एकटं पडायची भीती वाटते म्हणून पोरीच्या पायात पाय घालायचा नसतो.

कशिशला सांगू नको, तौकीरला नको. त्यांच्यापुढं त्याची लाज काढलीस तर तो हट्टाला पेटंल. त्याला सोताला सांग. घरात नको सांगू, घरात त्याचे कान राज्य करतात न् तू गप होतेस. बाहेर सांग. न् सांगून झालं की तिथं थांबू नको. त्यानं काय करायचं ते त्याला करूदे. तू त्याला हात धरून चांगलं वागायला लावलंस, तर उद्या तो हातच धरून बसंल.

फुफू


खालापूर, २४ जानेवारी

प्रिय फुफू,

सांगितलं.

काल तपासणी होती. नाक्यावर अब्बा नेहमीसारखे म्हणाले, सलाम करून येतो, तू रिक्षा धर. मी बरं म्हटलं आणि त्यांच्या पुढे चालत जाऊन रसवंतीच्या बाकड्यावर बसले. दोन मोठे ग्लास सांगितले, बिनबर्फाचे. चरकाचे घुंगरू वाजत होते, त्यामुळे माझ्या बांगड्या त्यांना ऐकू गेल्या नाहीत. काठी टेकत आले आणि रसवाल्याला म्हणाले, कर रे भाई, नेहमीचं. मी म्हटलं, अब्बा, बसा. मी सांगितलाय, तुमचा आणि माझा.

ते उभेच राहिले. काठी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मग बसले. रसवाल्याने दोघांपुढे ग्लास ठेवले. मी माझा उचलला आणि प्यायले. कितीतरी दिवसांनी गोड पोटात गेलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. ते ग्लास धरून बसले होते, बोटं काचेवरून फिरवत.

"मला गोड आवडत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

त्यांनी ग्लास बाकड्यावर सरकवला. मग म्हणाले, "तौकीरची आई गेली तेव्हा घरात भांड्यांचा आवाज बंद झाला, अनम. तू आलीस आणि परत सुरू झाला. मला तुझा चेहरा माहीत नाही. मला तुझा आवाजच माहीत आहे, पातेल्यांचा, बांगड्यांचा. डोळे आले आणि आवाज गेला, तर त्या डोळ्यांनी मी बघू काय?"

मी काय काय ठरवून गेले होते, फुफू. रोज रात्री मनात म्हणून बघितलं होतं. त्यातलं काही आलं नाही. मी म्हटलं, "मग असं बोलायचं होतं. मी दुधी पिळत बसले. माझं काहीतरी चुकतंय असं समजून दोन महिने दुधी पिळला."

आणि उठले. तू म्हणालीस तसं थांबले नाही. रिक्षात जाऊन बसले, फाईल मांडीवर घेतली आणि रस्त्याकडे तोंड केलं. मागे वळून बघितलं नाही. ते आले तेव्हा तोंडाला उसाचा वास येतो का हेसुद्धा बघितलं नाही.

साखर नॉर्मल आली. ऑपरेशन पुढच्या आठवड्यात आहे.

भागीवहिनी सांगते, ग्लास बाकड्यावर भरलेलाच राहिला होता. माश्या बसल्या म्हणून रसवाल्याने ओतून दिला.

अनम


खालापूर, ९ फेब्रुवारी

प्रिय फुफू,

तिकीट आलं. पुढच्या आठवड्यात निघते. त्याआधी तुझ्याकडे राहायला येणारच आहे, पण हे तोंडाने ओरडून सांगता येणार नाही, म्हणून लिहितेय.

परवा डोळ्याची पट्टी काढली. कशिशही होती. अब्बांनी आधी तिला बघितलं, हसले, म्हणाले, जाडी झालीस. मग माझ्याकडे बघितलं. या घरात मी नवरी होऊन आले तेव्हाच त्यांना धुरकट दिसायचं. माझा चेहरा त्यांनी तेव्हा पहिल्यांदा बघितला. मला वाटलं छान आहे वगैरे म्हणतील. ते माझ्या मनगटाकडे बघत होते. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात हल्ली.

घरी आल्यावर विचारलं, "तू भात कधी खाल्लास?"

भागीवहिनीकडचा भात सांगायचा तर चोरून खाल्ल्यासारखं वाटलं, आणि या घरातला मला आठवेना. ते उठले आणि स्वयंपाकघरात गेले. फुफू, आत गेले. तांदळाचा डबा कुठे आहे ते त्यांना माहीत नव्हतं, एकेक झाकण उघडून बघत होते. मी उठायला लागले तर हातानेच खाली बस म्हणाले. तांदूळ धुतले, पाणी बोटाने मोजलं, गॅस लावला. शिजायचा वास घरभर झाला. माझ्यापुढे वाढून ते समोर बसले, आणि त्यांच्या ताटात सकाळचा गार दुधी. मी जेवून होईपर्यंत उठले नाहीत. मग तौकीरला फोन लावला आणि म्हणाले, हिचं तिकीट काढ, पोरगी माझ्या घरात वाळली.

भात खाली लागला होता. मी खरवडसुद्धा खाल्ली.

अनम


खालापूर, २६ फेब्रुवारी

मुनिराबाई, सलाम.

मी अनमचा सासरा, तुम्हाला पहिल्यांदा लिहितोय. अक्षर मोठं आहे, एकाच डोळ्याचं आहे, सांभाळून घ्या.

अनम गेली. कशिशने विमानतळावर सोडली. तौकीरचा फोन आला, सुखरूप पोचली. तुम्हाला फोन ऐकू येत नाही असं ती सांगून गेली होती, म्हणून कळवतो. जाताना माझ्यावर रागावलेली नव्हती असं मला वाटतं. असली तरी तिचा हक्क आहे.

घरात भांड्यांचा आवाज होत नाही. म्हणून मीच वाजवतो. काल तो दुधीचा पास्ता केला. हायवेवर हजारो माणसांना रांधून घातलं, पण घरात एका माणसाचा अंदाज मला येत नाही. दोघांचाच होतो. डॉक्टरांनी मला रोजे धरू दिले नाहीत. तुमचे चालू असतील. उरलेला डब्यात घालून दशरथकडे देतो, रोजा सोडताना खा. काय कमी आहे ते लिहा. खोटं कौतुक नको, मी गाळ्यावर खूप ऐकलंय.

रस पीत नाही. रसवाला विचारत होता.

रमजान


भिसेगाव, २८ फेब्रुवारी

रमजानभाई, सलाम.

डबा पोचला. काल रोजा सोडताना खाल्ला.

चव हाय. लसूण बरोबर, वांगं बरोबर भाजलंय. पण खाली तळं झालंय. दुधी तुमी पिळलाच नाय. एवढी वरसं कांदा न बघता चिरणारा माणूस, हातात जोर नाय असं मला सांगू नका. माझी पोरगी हात दुखेपर्यंत पिळायची. तुमाला आता कळंल.

तिच्यापायी तुमचा राग मला अजून हाय. तिचा गेला असंल, माझा जायला वेळ लागंल. तरीबी सगळा खाल्ला, पाण्यासकट.

कानाचं मशीन पेटीतनं काढलंय. शिट्ट्या मारतं, पण परवा त्या शिट्टीतनं तिचा आवाज आला. भात जेवले म्हनली.

तुमचा डबा धुऊन दशरथकडं देतेय. आमच्याकडं डबा रिकामा परत करायची रीत नाय, म्हणून त्याच्याबरोबर दुधी पाठवलाय, कोवळा हाय, नख लावून बघा. तुमी दोघांचाच करा, अंदाज बदलू नका. पण या बारीला पिळा.

मुनिरा